बासष्ट पोती नापास करणेबाबत

प्रति,
मा. बियाणे तपासणी अधिकारी,
विभागीय बियाणे कार्यालय, दुसरा मजला,
(जिन्यालगतचे, पंखा असलेले दालन)

विषय : माझे गव्हाचे बियाणे चुकून पास झाले असून ते तातडीने नापास करणेबाबत.

संदर्भ : १) आपले पासपत्र. २) माझे दोन अर्ज, उत्तर नाही. ३) माझा तिसरा अर्ज व त्यावरील आपले उत्तर, जे नसते आले तर बरे झाले असते.

महोदय,

मी गेली एकोणीस वर्षे आपल्या कार्यालयासाठी गव्हाचे बियाणे पिकवते. ‘मला नापास करा’ असा अर्ज आजवर केला नव्हता. आता चौथ्यांदा करीत आहे.

१. दाणा चिकात असताना, म्हणजे अजून दुधाने भरत असताना, लागोपाठ दोन पहाटे दव गोठले. वरचे शेत वाचले. खालचे शेत मोठे पण खोलगट, तिथे थंडी उतरून बसते. आठ दिवसांत तिथल्या ओंब्या पांढऱ्या पडल्या. काही पोकळ निघाल्या, उरलेल्यांत दाणा धरला तो सुरकुतलेला, करडा आणि हलका. दिसायला गहू, पण आतला कोंब मेलेला. वरच्या शेताची अठरा पोती भरली, खालच्याची बासष्ट.

२. आपले निरीक्षक नमुना घ्यायला आले. गोदामाच्या दाराशी असलेल्या तीन पोत्यांत त्यांनी सळई खुपसली. ती तिन्ही पोती वरच्या शेताची होती. मागची पोती बघा, असे मी तीनदा सांगितले. त्यावर साहेब म्हणाले, “मागे धूळ आहे हो, आणि माझा सदरा पांढरा आहे.” शितावरून भाताची परीक्षा करतात हे मान्य, पण शीत तरी त्याच भांड्यातले असावे! ऐंशीच्या ऐंशी पोती पास झाली, सीलबंद झाली आणि प्रत्येकावर माझ्या नावाची चिठ्ठी लागली.

३. मी कार्यालयात आले. आपले कारकून म्हणाले, “बाई, नापास झालेले इथे येऊन रडतात. तुम्ही पास होऊन कशाला रडताय?” आपण फायलीतून मान वर न काढता म्हणालात, “भरपाई पाहिजे असेल तर तो विभाग खाली आहे.” मला भरपाई नको. ही पोती बाहेर जायला नकोत, एवढेच हवे आहे. यात न कळण्यासारखे काय आहे, ते मला अजून कळलेले नाही.

४. शेवटी मी मागच्या बासष्टांतल्या एका पोत्यातून शंभर दाणे काढून ओल्या गोणपाटात गुंडाळले. आठव्या दिवशी मोजले. एकतीस उगवले. आपल्याच नियमाने पंच्याऐंशी उगवायला हवेत. हे तिसऱ्या अर्जात लिहिले, तेव्हा उत्तर आले : ‘सीलबंद पोत्यातून विनापरवानगी काढलेले शंभर दाणे सात दिवसांत मूळ स्थितीत जमा करावेत.’ मूळ स्थितीत! उगवलेला कोंब दाण्यात परत कसा घालतात, ते आपल्या निरीक्षकांना विचारून कळवावे. त्यांना पांढरा सदरा न मळवता सगळे जमते.

५. सोमवारी ही पोती घेऊन गाडी एक्केचाळीस शेतकऱ्यांकडे जाणार आहे. यादीत नवव्या क्रमांकावर माझी मुलगी आहे. सासरच्यांपासून वेगळे होऊन तिने यंदा पहिल्यांदा स्वतःचे शेत धरले आहे. ती फसते कधी, याचीच तिकडे सगळे वाट बघत आहेत. मी तिला सांगितले, हे बियाणे पेरू नकोस. ती हसली. म्हणाली, “आई, ऑफिसनं पास केलंय. आणि तुझं बियाणं कधी उगवलं नाही, असं झालंय का?” एकोणीस वर्षे राखलेले नाव आज माझ्याच लेकीच्या मुळावर उठले आहे. त्यावर आपली सही आहे. याचा मला संताप येतो आणि तो मी लपवणार नाही.

६. सबब, रविवारपर्यंत ही बासष्ट पोती नापास करावीत. न केल्यास सोमवारी सकाळी मी विळा घेऊन गोदामाच्या फाटकाशी उभी राहीन आणि एकेक चिठ्ठी कापून काढीन. नाव माझे आहे, ते मी परत घेत आहे. माझ्यावर गुन्हा नोंदवायचा असल्यास खुशाल नोंदवावा. त्या निमित्ताने तरी कोणी मागची पोती उघडून बघेल.

आपली, अजून तरी नम्र,
(सही)
बीजोत्पादक
(आपल्या कार्यालयात ‘रडक्या मावशी’ म्हणतात ती)

दिनांक : शुक्रवार, गाडी सुटायला तीन दिवस.

सोबत :
१) न उगवलेले दाणे, नग एकोणसत्तर. मोजून घ्यावेत व पोच द्यावी.
२) उगवलेली रोपे, नग एकतीस, पत्र्याच्या ट्रेमध्ये मातीसह. ट्रेमध्ये दहा ओळींत शंभर जागा आखल्या आहेत. जिथे उगवले नाही, ती जागा तशीच मोकळी सोडली आहे. ट्रे आपल्या मेजावर ठेवावा. हे माझ्या मुलीचे शेत आहे. रोज पाणी घालावे.