कानावर आलेलं

खारीगाव, भाईंदर (पूर्व)
१६ नोव्हेंबर

ती. धाकूमामा यांस,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. तुमचा गुडघा काय म्हणतो ते कळवा. आई म्हणते, एकटे आहात म्हणून दोन्ही वेळा पेजेवर भागवू नका. समोरच्या गुजराती काकी रोज जिन्यात अडवून तुम्ही कधी येणार ते विचारतात, "धाकूभाई क्यारे आवशे?" आई सांगते, दिवाळीनंतर. दिवाळी होऊन गेली, आता काय सांगायचं ते तिलाही सुचत नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मी दोनदा फोन लावला होता. तुम्ही नुसतं "बोल" म्हणालात, आणि मी आईच्या गोळ्या, सोसायटीचं पाणी असलं काहीतरी बोलून ठेवून दिला. तुमच्याशी फोनवर खोटं बोलता येत नाही. घसा कोरडा पडला, श्वास मध्येच अडकला, सगळं तुम्हाला ऐकू जातं. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागद घेतला.

मालिका चालू आहे. आपला बूमवाला साहिल माइकची काठी धरताना अजून खांदा वर चढवतो आणि मग संध्याकाळी मान धरून बसतो. मी त्याला तुमचंच वाक्य ऐकवते, की काठी हाताने नाही, कमरेने धरायची. सेटशेजारच्या इमारतीचं काम तिसऱ्या मजल्यावर आलंय. फरशी कापायला लागले की आता मी जाते विनंती करायला. तुमच्याइतकं मला जमत नाही. तुम्ही त्या मिस्त्रीला गावाकडचं विचारायचात, मुलांचं विचारायचात, आणि तो आपणहून मशीन बंद करायचा. मी सरळ "भैया, पाँच मिनट" म्हणते. तो अडीच मिनिटं देतो.

यावरून तुम्हाला कळलंच असेल. तुमच्या खुर्चीवर आता मी बसते. दिपेशभाईंनी, म्हणजे खुद्द निर्मात्यांनी, विचारलं आणि मी हो म्हटलं. आईने पेढे वाटले, म्हणाली, घरातली पहिली पदवीधर आणि आता साउंड रेकॉर्डिस्ट. मी पेढा खाल्ला नाही, एवढंच काय ते माझं प्रायश्चित्त.

त्याच दिपेशभाईंनी मला एक काम दिलंय. म्हणाले, "तू पढी-लिखी है, धाकूभाई पे दो पन्ने लिख दे. तीस साल कम नहीं होते. ग्रुप पे डालेंगे." मी बसले लिहायला. सुरुवात सोपी गेली. आठवड्यातून एकदा लागणाऱ्या मालिकांचे दिवस, चामड्याच्या पेटीतलं टेपचं मशीन, ते पोटाशी धरून तुम्ही केलेला गोरेगाव-भाईंदर प्रवास. एका ऐतिहासिक मालिकेत तलवारी पत्र्याच्या होत्या म्हणून तुम्ही आमच्या स्वयंपाकघरातला खलबत्ता नेलात आणि आईला महिनाभर पाट्यावर लसूण ठेचावा लागला, तेही लिहिलं. प्रत्येक सीननंतर तुम्ही मागायचात ती शांतता लिहिली. "रूम टोन" असं तुम्ही म्हणालात की हिरोपासून चहावाल्यापर्यंत सगळे जागच्या जागी थांबायचे, आणि तुम्ही त्या रिकाम्या खोलीचा आवाज भरून घ्यायचात. मी पहिल्या दिवशी विचारलं होतं, काहीच नसतं त्यात, कशाला घेता? तुम्ही म्हणालात, प्रत्येक घराची गप्प बसायची तऱ्हा वेगळी असते.

हे सगळं लिहून झालं. मग शेवटी एक वाक्य हवं होतं, धाकू सरांनी काम का थांबवलं. तिथे माझा हात थांबला. ऑफिसात सगळ्यांना वाटतं त्यांना ते माहीत आहे. खरं फक्त तुम्हाला आणि मला माहीत आहे.

मामा, आपण त्या दिवसाबद्दल कधीच बोललो नाही. आज मी बोलते.

तुम्ही मला कामावर घेतलंत तेव्हा एकच नियम सांगितला होता. बाकी सगळं चुकत चुकत शिक, म्हणालात, पण कट झाला की फेडर खाली, म्हणजे हेडफोनमधला आवाज बंद. कलाकाराच्या पदरात माइक लावलेला असतो, तो सीन संपल्यावरही चालूच राहतो. ती माणसं नंतर नवऱ्याशी भांडतात, पोरांना ओरडतात, देवाचं नाव घेतात. ते आपल्याला ऐकायला दिलेलं नाही. चुकून कानावर आलंच, तर ते तिथेच संपलं पाहिजे.

त्या दुपारी तुम्ही मिस्त्रीकडे गेला होता आणि हेडफोन माझ्या कानावर होते. कट झाला. मी टेकचा नंबर लिहीत होते, फेडर तसाच राहिला. इथपर्यंत चूक होती, मान्य. पण मग आपल्या मालिकेतल्या आजीचा, रीटा आंटींचा आवाज आला, पॅसेजमधून, फोनवर. लेकीशी बोलत होत्या, ॲन्ड्रियाशी. "आज परत रुबेनचा नाव न्हाय आठवला मना. पोरगा समोर उभा हाय, आन् मी नुसती हसतंय." मी तेव्हा फेडर खाली करू शकत होते. केला नाही. शेवटपर्यंत ऐकलं. डॉक्टरांनी काय सांगितलं तेही, आणि "सेटवर कुणाला कळू देऊ नको, एवढंच काम उरलंय मना" हेही.

रुबेन त्यांचा नातू आहे, हे तुम्ही मला आधीच सांगितलं होतं. त्याच्या बारशाचा केक तुम्ही उत्तनजवळ चौकला त्यांच्या घरी जाऊन खाल्ला होता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी नेहाला सांगितलं. नेहा आमच्याच कॉलेजची, क्रिएटिव्ह टीममध्ये नवी, माझ्याच वयाची. मला वाटलं, तिला कळलं तर आजीच्या भूमिकेचे संवाद छोटे होतील, रीटा आंटींना मध्ये मध्ये बसायला मिळेल. मी तिला अक्षरशः म्हटलं, की आपण संवेदनशील असायला हवं. ती म्हणाली, "थँक्स यार, बरं झालं सांगितलंस." मला बरं वाटलं, मामा. मी त्या दिवशी घरी जाताना स्वतःवर खूश होते. गोष्टी लपवण्यातूनच माणसांचं नुकसान होतं, असं मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत बोलले होते, आणि मला त्याचं बक्षीसही मिळालं होतं.

पुढचं तुम्ही पाहिलंत. मालिकेतली आजी तीर्थयात्रेला गेली. पुढच्या आठवड्यात भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो आला.

रीटा आंटी आपलं सामान न्यायला आल्या तेव्हा हेअरवाल्या मंदाताई त्यांच्या पिनांचा डबा काढून देत होत्या, आणि आपण दोघं दारात उभे होतो. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "धाकू, ते फक्त तुझ्या कानात व्हता." तुम्ही माझ्याकडे पाहिलंतही नाही. पाहिलं असतंत तर त्यांना कळलं असतं. तुम्ही म्हणालात, "माझ्याकडून चूक झाली, रीटा." त्यानंतर ती खोली जशी शांत झाली, तसा रूम टोन मी कधी ऐकला नाही.

बस स्टॉपवर मी रडायला लागले तर तुम्ही म्हणालात, तुझी सुरुवात आहे, तुझ्याबद्दल एकदा असं पसरलं की कुठला कलाकार तुझा माइक लावून घेणार नाही. माझं बरंच झालंय करून. आणि हे आपल्यात राहू दे. आठवड्याभरात तुम्ही गावाला निघून गेलात.

खुर्ची मिळाली तेव्हा मी सामान आवरलं. खालच्या खणात तुमची ती पेटी होती, संपलेल्या बॅटऱ्यांची. रीटा आंटींच्या सीनला तुमच्या बॅटऱ्या फार जायच्या. त्या एखाद्या वाक्याला अडल्या की तुम्ही लगेच हात वर करायचात, "सॉरी, बॅटरी गेली", आणि दिपेशभाई कपाळावर हात मारायचे, "धाकूभाई, तुम्हारी बैटरी है या मेरी सास की तबीयत?" सगळे हसायचे. मीही हसायचे. तेवढ्यात आंटी शांतपणे भिंतीकडे तोंड करून वाक्य आठवून घ्यायच्या. फेकून देण्याआधी मी एकेक बॅटरी मीटरला लावून पाहिली. सगळ्या भरलेल्या होत्या.

म्हणजे तुम्हाला माझ्याआधी कितीतरी कळलेलं होतं, आणि तुम्ही स्वतःचं हसं करून घेऊन ते झाकत होता. मी एका चहात ते मोडलं. मी अजूनही म्हणते की काही गोष्टी बोलल्याच पाहिजेत. पण ती गोष्ट माझी नव्हती.

आणि ते अजून संपलेलं नाही. आजीच्या आठवणींचे सीन येतात तेव्हा तुम्ही साठवून ठेवलेले आंटींचे आवाज लागतात. त्यांचा उसासा, त्यांचं "बाळा", त्यांचं ते हसण्याआधीचं "हं". ते शोधून द्यायचं काम माझं आहे. मालिकेतून मी त्यांना काढलं आणि आता मीच त्यांना तुकड्यातुकड्यांनी परत आणून ठेवते.

आता जे सांगायला हे पत्र सुरू केलं ते सांगते. इतका वेळ बाजूबाजूने फिरत होते.

गेल्या रविवारी मी चौकला गेले होते. खरं सांगायचंच म्हणून गेले. भाईंदर वेस्टहून उत्तनची बस, पुढे रिक्षा. दारासमोर बोंबील वाळत घातले होते, आणि आंटी खुर्ची टाकून कावळे हाकत बसल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं. नाव नाही आठवलं, पण "धाकूची भाची" म्हणाल्या. ॲन्ड्रियाने चहा आणला. आंटींच्या बांगड्या वाजत होत्या, आणि मला एकदम जाणवलं की मी त्या आधी कधीच ऐकल्या नव्हत्या. सेटवर त्या तुमच्यासाठी आठवणीने बांगड्यांना पट्टी गुंडाळून यायच्या.

त्या खूप बोलल्या. तुमच्या पहिल्या मालिकेत त्या मोलकरीण होत्या, एकच वाक्य होतं, आणि तुम्ही दिग्दर्शकाला विमानाचा आवाज आला असं खोटं सांगून त्यांना दुसरा टेक मिळवून दिला होता. तेही त्यांनी सांगितलं, अगदी हसत. मग हसू गेलं. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "इतकी वर्सा माझा काय काय आयकला त्याने. कवा भायेर न्हाय गेला. आन् शेवटी असा केला. तू तसा करू नको हां, बाय. तू चांगली पोरगी हाय."

आणि मी म्हटलं, "हो आंटी."

मामा, हा एकच शब्द मला तुम्हाला फोनवर सांगता येत नव्हता. त्या दुपारी जे घडलं ते अजाणतेपणी घडलं, असं मी स्वतःची समजूत घालू शकते. पण हे "हो" मी पूर्ण शुद्धीत म्हटलं. चहा संपवला, बिस्किटही खाल्लं.

निघताना ॲन्ड्रिया फाटकापर्यंत आली. म्हणाली, मम्मी दिवसेंदिवस जास्त विसरते. औषध घेतलं का, मासळी कुणी आणली, काही राहत नाही. पण धाकू अंकलचं काही केल्या जात नाही, रोज निघतं. तेव्हा माझ्या मनात एक विचार आला. थोडे दिवस गप्प राहिले तर त्या हेही विसरतील, आणि मग कुणालाच काही सांगावं लागणार नाही. मी तो विचार रिक्षा येईपर्यंत मनात धरून उभी होते. मला सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

कारण खरं उलटं आहे. त्यांच्याजवळ जे थोडं उरणार आहे, त्यात तुम्ही दगाबाज म्हणून उरणार आहात. आणि काही दिवसांनी कुणी खरं सांगितलं तरी ते तिथे पोचणार नाही.

तुम्ही सांगितलं होतंत, हे आपल्यात राहू दे. मी तुमचं ऐकणार नाही. तुम्ही रागवाल. सेटवर कळेल, मंदाताई कलाकारांना लावायला माझ्या हातून माइक घेताना दोनदा विचार करतील, कदाचित खुर्चीही जाईल. जाऊ दे. बसल्यापासून ती मला टोचतेच आहे. दिपेशभाईंना मी त्यांची दोन पानं देईन, पण शेवटचं वाक्य खरं लिहून.

म्हणून हे पत्र मी अजून पाकिटात घातलेलं नाही. येत्या रविवारी ते घेऊन चौकला जाते आहे. आंटींना पहिल्या ओळीपासून वाचून दाखवेन, तुमच्या गुडघ्यापासून त्या "हो"पर्यंत, मध्ये काही न गाळता. ॲन्ड्रियाला शेजारी बसवेन. आंटी विसरल्या तरी त्या घरात कुणाच्या तरी लक्षात राहायला हवं, म्हणजे तुमचं नाव निघालं की ती त्यांना परत सांगू शकेल. त्या काय म्हणतील मला माहीत नाही. मला त्यांनी माफ करावं म्हणून मी जात नाही, आणि माफ केलं तर ते मला घेता येईल की नाही, तेही ठाऊक नाही.

तिथून परतताना उत्तनच्या पोस्टाच्या पेटीत पत्र टाकेन. तेव्हा मामा, हे तुमच्या हातात आलं असेल, तर ते आधी चौकला वाचून झालेलं आहे. मग घरी या. काकींना काय सांगायचं ते आईला कळत नाहीये.

फेडर वर ठेवून बसलेली
तुमची भाची,
संचिता