तेजस्वीची पत्रिका आणि फुकटचं सॉफ्टवेअर

रत्नागिरी,
माघी पौर्णिमेनंतरचा बुधवार

तीर्थस्वरूप वहिनींच्या पायांवर डोकं टेकून धाकट्या दिराचा, म्हणजे हरिश्चंद्राचा, नमस्कार.

आम्ही इकडे ठीक आहोत. तुम्हीही ठीक आहात असं फोनवर म्हणालात, पण ज्या घाईने म्हणालात त्यावरून माझा काही विश्वास बसलेला नाही. गुडघा पुन्हा दुखतोय का, ते खरं खरं कळवा. (यमुना म्हणते, भांडुपला तेव्हा कुकर लावलेला होता म्हणून तुम्हाला घाई होती. मी शिट्टी ऐकली नाही.) घरात नवा कोरा कंप्युटर असताना दीर हाताने पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. तर हे पत्र त्या कंप्युटरबद्दलच आहे, आणि ज्याच्याबद्दल वाईट बोलायचं त्याच्याच पोटात ते टाईप करणं मला धोक्याचं वाटतं. व्हॉट्सॲपवर लिहावं, तर फॅमिली ग्रुपचे ॲडमिन तुमचे मोठे जावई हर्षदराव. ॲडमिनला सगळ्यांचं खाजगीतलंही दिसतं असा माझा दाट संशय आहे. (आमचा मुलगा संदेश म्हणतो की असं काही नसतं. पण नवा कंप्युटर पुण्याहून त्यानेच पाठवलाय, तेव्हा त्याची साक्ष मी धरत नाही.)

मुद्दा तेजस्वीच्या पत्रिकेचा. आपल्या घरातली प्रत्येक लग्नपत्रिका गेली सव्वीस वर्षं माझ्या प्रेसमधून निघाली. दादा असता तर हा प्रश्नच आला नसता. त्याला जाऊन चार वर्षं झाली आणि आता हर्षदराव म्हणतात, छापील कशाला, मोबाईलवर पाठवू, त्यात फुलं पडतात, सनई वाजते. यावर तुम्ही म्हणालात, "भाऊजी, शिवरात्रीपर्यंत तुमची तयार झाली तर तुमची, नाहीतर हर्षदरावांची." तुम्ही सहज म्हणालात हे मला माहीत आहे, तरी मला ते लागलं. दादाच्या मुलीची पत्रिका दुसऱ्या कोणी केली तर मी काय नुसतं आंब्याच्या पेट्यांची लेबलं काढत बसायचं? तेव्हा शिवरात्रीच्या आत पत्रिका करायचीच असं मी ठरवलं, आणि त्याच आठवड्यात माझ्या जुन्या कंप्युटरने मान टाकली. योगायोग म्हणतात लोक. मी म्हणत नाही.

नवा कंप्युटर आला तो दिसायला देखणा, पण सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला तरी सीडी घालायला जागाच सापडेना. माझं डिझाईनचं सॉफ्टवेअर सीडीवर, आणि ती सीडी मी सव्वीस वर्षं यमुनाच्या शालूच्या घडीत जपलेली. पुण्याच्या दुकानदाराला फोन लावून विचारलं, जागा होती ती तुम्ही काढून घेतलीत काय? तो म्हणाला, हल्ली येतच नाही. (सगळे असंच म्हणतात. हल्ली येत नाही म्हटलं की माणसाने पुढे बोलायचंच नाही.) मग सीडी वाचणारी वेगळी डबी आणली, ती वायरने जोडली, आणि कंप्युटरने मला मराठीतच कळवलं की हा प्रोग्रॅम या संगणकासाठी नाही. माझीच सीडी, माझाच कंप्युटर, आणि मधल्यामध्ये हा कोण सांगणारा? आमच्या प्रेसच्या वरच्या मजल्यावर कंप्युटरचा क्लास घेणाऱ्या मृणाली मॅडम आहेत, त्यांना बोलावलं. त्यांनी कुठेतरी एका चौकोनात टिकमार्क केली आणि म्हणाल्या, आता हा जुन्या प्रोग्रॅमपुढे स्वतः जुना असल्याचं सोंग करील. हे ऐकून माझा होता तेवढाही विश्वास उडाला. जो दुसऱ्या प्रोग्रॅमशी सोंग करतो तो माझ्याशी सरळ वागेल कशावरून? सोंगही त्याला धड जमलं नाही. पडदा उघडला, आपल्या थोरल्या दीपालीच्या लग्नाची जुनी फाईल उघडली, आणि 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि डॉलरचं चिन्ह. आधी गणपतीच्या जागी डॉलर, म्हणजे यामागे कोण आहे ते तुम्हीच ओळखा. मॅडम म्हणाल्या, जुना मराठी फॉन्ट नव्यात चालत नाही, बाकी काही नाही.

त्या सॉफ्टवेअरचं नवं रूप घ्यावं, तर ते विकत मिळतच नाही, भाड्याने मिळतं. दरवर्षी भाडं भरा, चुकलं की बंद. वहिनी, आपल्याकडे दुसऱ्याची जमीन कसता कसता कुळकायद्याने माणसं मालक झाली. इथे सव्वीस वर्षं कसणारा मी, आणि सातबाऱ्यावर नाव त्या कंपनीचं. मी मॅडमना म्हटलं, हे आपल्याला परवडणारं नाही आणि पटणारंही नाही, स्वस्तातलं काही सांगा. तर त्या म्हणाल्या, फुकटातलं आहे.

इथे मी खुर्ची पुढे ओढून बसलो. फुकट? कोण देतं? त्या म्हणाल्या, जगभरातले लोक आपापल्या फावल्या वेळात बनवतात आणि सगळ्यांना वाटतात. मी विचारलं, त्यांची पोटं कशावर चालतात, त्यांच्या बायका काही बोलत नाहीत का, आणि माझ्यासारख्या रत्नागिरीतल्या प्रेसवाल्याचं भलं करून त्यांना काय मिळायचं? आपण फणस फुकट वाटतो, तो झाडावरच पिकून अंगणात फुटेल म्हणून वाटतो. यांचं काय फुटतंय? मॅडम बिचाऱ्या शांत आहेत. त्यांनी आणखी एक सुचवलं, जे इंटरनेटवरच चालतं आणि काम तिथेच राहतं. तिथे म्हणजे कुठे, ते त्यांनाही नीट सांगता येईना. आपल्या तेजस्वीची पत्रिका परक्याच्या घरी मुक्कामाला ठेवायची, आणि माझी गिऱ्हाईकं पळवणाऱ्या हातखंब्याच्या फ्लेक्सवाल्याने ती बघायची? ते मी साफ नाकारलं. पहिलं, फुकटातलं, घालून घेतलं, पण ते घालून झाल्याबरोबर इंटरनेटची वायर काढली आणि कंप्युटरच्या कॅमेऱ्यावर यमुनाची मोठ्यातली मोठी टिकली लावली. (यमुना येता-जाता म्हणते, दादांच्या घरच्या कार्याआधी तुमच्या कंप्युटरचंच लग्न लागलेलं दिसतंय. मी लक्ष देत नाही.)

आता कामाची पद्धत तुम्हाला ठाऊक आहेच. प्रेसवाला कोऱ्या पानावर कधी पत्रिका करीत नाही. त्याच घरातली मागच्या लग्नाची पत्रिका उघडायची, नावं बदलायची, मुहूर्त बदलायचा, आणि छापायची. म्हणजे मानपानाचा क्रम चुकत नाही, कोणाचे काका कोणाच्या वर गेले म्हणून भांडण होत नाही. फाईल तर डॉलरने खाल्ली. मग दीपालीची छापील पत्रिका ट्रंकेतून काढली, शेजारी उभी केली, आणि नव्या टायपिंगमध्ये एकेक अक्षर शोधत पाच दिवस ओळीमागून ओळ उतरवली. जुन्या टायपिंगमध्ये माझी बोटं डोळे मिटून चालायची. इथे 'ज्ञ' सापडायला पाऊण तास लागला. प्रूफ नेहमीप्रमाणे यमुनाने मोठ्याने वाचलं आणि मी ऐकलं. मॅडम म्हणत होत्या, मीही एकदा नजर टाकते. पण ज्यांनी फुकटातलं आणून दिलं त्यांच्याच हाती प्रूफ द्यायला मी काही इतका खुळा नाही.

अडीचशे पत्रिका छापून, घड्या घालून, हळदकुंकू लावून तयार आहेत. शिवरात्रीच्या आत. फुकटातलं सॉफ्टवेअर अजून तरी काही मागायला आलेलं नाही, मी वाट बघतोय. पण असलं यंत्र केव्हा काय करील त्याचा नेम नाही, हे एक तुम्ही मनात धरून ठेवा, म्हणजे पुढेमागे कुठे काही कमीजास्त दिसलं तर दोष कोणाचा ते लगेच कळेल.

तिकडच्या थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, हर्षदरावांना यांतलं जे चालेल ते.

आपला,
हरिश्चंद्र

ता. क. सोबत एक पत्रिका पाठवतोय. तीत निमंत्रकांच्या यादीत हर्षदरावांचं नाव दिसणार नाही. यंत्राने खाल्लं. जावई माणूस, मानाचा प्रश्न, लग्नाला येतील आणि पाण्यालाही शिवणार नाहीत. तेव्हा या पत्रातली कंप्युटरची हकिगत तुम्ही त्यांना तुमच्या शब्दांत, पण पूर्ण सांगावी, एवढ्यासाठीच इतकी सविस्तर लिहिली आहे.

ता. क. दुसरा. मृणाली मॅडमना विचारलं. यंत्र नावं खात नाही म्हणतात. यमुनाचंही तेच मत. खरं असं की दीपालीच्या पत्रिकेत हर्षदराव नवरदेव होते, निमंत्रकांत कुठून असणार? मी ती बघून उतरवली आणि ते राहिले. चूक माझी. एवढं मात्र त्यांना सांगू नका.

ता. क. तिसरा. वहिनी, पाकीट चिकटवणार होतो, पण हे लिहिल्याशिवाय चैन पडेना. पत्रिकेत वधूच्या नावाखाली 'श्री. पुरुषोत्तम व सौ. कमलिनी यांची कनिष्ठ कन्या' असं छापलंय. ते चुकून राहिलेलं नाही. प्रूफ वाचताना यमुना तिथे थांबली होती आणि माझ्याकडे बघत राहिली. मी तिला म्हटलं, पुढे वाच. पहिली पत्रिका अजून ग्रामदेवापुढे ठेवलेली नाही, तुमचं उत्तर आलं की ठेवीन. तुम्हाला हे चालत नसेल, लोक काय म्हणतील असं वाटत असेल, तर तसं कळवा, रागावलात तरी मी वाईट वाटून घेणार नाही. कागद भरपूर आहे, सगळ्या पुन्हा छापतो. फाईल हर्षदरावांना पाठवीन, इंटरनेटची वायर जोडून पाठवीन. त्यांचं नाव ते घालतीलच. दादाच्या आणि तुमच्या नावाआधीचं जे बदलायचं ते पण त्यांनाच बदलायला सांगा. मी दोन वेळा बसलो, माझ्या हातून होत नाही.