खांबाशी ओतलेला घोट

मी, आन्सेल क्युजो, वय एकसष्ट, राहणार विंडवर्ड, कॅरियाकू बेट, ग्रेनेडाच्या संघाचा अकरा वर्षे गोलकीपर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे, कारण उजव्या हाताची दोन बोटे मोडून वाकडीच जुळली. डोके सरळ आहे. सोमवारी हृदयाचे ऑपरेशन आहे, म्हणून घाई.

१. वादळानंतर नवे छप्पर घातलेले घर बहीण व्हर्ना हिला. ती आत्ताच दारातून म्हणाली, "किती उठबस करतोस रे? खुर्चीला काटे फुटलेत का?" फुटलेत. कलम तीन अजून लिहायचे आहे.

२. रंधा, पटाशा व करवत मेहुण्याला. नाहीतरी ती हत्यारे त्याच्याकडेच आहेत. हातमोजे शाळेला. ज्या मॅनेजरने मला शेवटची दोन वर्षे बाकावर बसवले, त्याला माझ्या शवपेटीला हात लावू देऊ नये.

३. माझी होडी गिफ्टन लेंडोर याला. कारण दोनदा लिहून खोडले, आता खोडणार नाही.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी, पात्रता फेरीचा शेवटचा सामना. आम्हाला बरोबरी पुरली असती. कामाला हात घालण्याआधी आम्ही वाडवडिलांसाठी जमिनीवर रम ओततो. मीही दर सामन्याआधी बापासाठी गोलखांबाशी घोटभर ओतायचो. बाटली टॉवेलात असे. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. नवा खांब कोरडा कसा ठेवायचा? म्हणून वाकलो. बूच निघेना, तेवढ्यात शिट्टी झाली आणि लांबून उंच चेंडू आला. आमचा बचावपटू गिफ्टन जीव तोडून धावला. चेंडू त्याच्या नडगीला लागून आत गेला. रेडिओने स्वयंगोल त्याच्या नावावर टाकला. मला विचारले, तेव्हा मी म्हणालो, "तो मध्ये आला."

परतीच्या बोटीत मी त्याला विचारले, "तू बोलला का नाहीस?"

"तुझ्या बापाचा घोट होता तो. मेलेल्या माणसाची चहाडी करू होय मी?"

तेव्हापासून बेट त्याला 'उलटपाया' म्हणते. त्याच्या मुलीच्या लग्नातही कोणीतरी ते नाव ओरडले, आणि मी हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

माझ्या थडग्यावर शिळा बसवाल, त्या जेवणाला, मृतांचे ताट मांडण्याआधी हे कलम मोठ्याने वाचावे. पण शिळा बसायला आमच्याकडे वर्षे लागतात. तोवर त्याने का थांबावे? म्हणून आजच त्याला निरोप धाडला.

दुरुस्ती, त्याच दिवशी दुपारी: गिफ्टन आला. उभ्यानेच सगळे वाचले. साक्षीसाठी शेजारीण युनिस बसली होती, आणखी एक साक्षीदार हवा होता.

"मी करतो सही," तो म्हणाला.

"तुला होडी दिलीय. ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष दिली, तर त्याचा वाटा जातो."

"मग खोड ती होडी. या पानाखाली माझं नाव हवं."

"गिफ, होडी चांगली आहे रे."

"ठाऊक आहे. पेन दे."

होडी खोडली. ती आता व्हर्नाला.

स्थळ: विंडवर्ड
दिनांक: १४ मार्च २०२५
सही: आन्सेल क्युजो

आमच्या समक्ष सही झाली:
१. युनिस बेथेल, शेजारीण
२. गिफ्टन लेंडोर, बचावपटू, ग्रेनेडा