एक निखारा

उर्सिकिनाबाई,

नमस्कार कुठल्या तोंडानं घालू? राजानं तुम्हा रोमन लोकांची अर्धी घरं आम्हा नव्यानं आलेल्या बर्गुंडी लोकांना वाटून दिली, तुमचं अर्धं मला मिळालं आणि चूल नेमकी माझ्या अर्ध्यात आली. काल सकाळी तुम्ही खापर घेऊन आलात आणि दारातूनच आमच्या बोलीत, एक शब्द तुमचा घालून, म्हणालात, "होस्पिता, एक निखारा देता का?"

शेजारणी बघत होत्या. होस्पिता म्हणजे पाहुणी, एवढीच माझी लॅटिन. माझं डोकंच फिरलं. "पाहुणी कुणाला म्हणतेस गं म्हातारे? राजानं दिलंय मला हे! नाही मिळायचा निखारा, जा!"

"चुकलं हो माझं," म्हणून तुम्ही रिकामं खापर घेऊन वळलात. आज पहाटे लेकीकडे निघूनही गेलात.

पाद्रीबाबांना मी तावातावानं सांगितलं, "मला पाहुणी म्हणाली!" तर ते म्हणाले, "अगं बये, यजमानणीलाही होस्पिताच म्हणतात."

म्हणजे तुमच्याच घरात तुम्ही मला यजमानीण म्हणत होतात.

हे पत्र पाठवायचा धीर नाही, चुलीतच घालीन. पण चूल विझू देत नाहीये. खापर घेऊन या.

तुमची होस्पिता,
औनेगिल्दा

(पाहुणी, याच अर्थानं.)