स्वर्गीय नर्तक आणि मखमली शेंगा

रविवार, ११ डिसेंबर १९९४
तहसीलीतून रिटायर झाल्यापासून माणसांचा कंटाळा आलाय. आजपासून पक्षी. आमच्या उस्मानपुऱ्यातल्या निसर्ग मंडळाला लीडर पाहिजे. पुढच्या रविवारच्या फर्दापूर ट्रिपनंतर निवड. विरोधात फक्त जहांआराबाई. त्या शाळेत सायन्स शिकवायच्या, पण सायन्स वेगळं, नजर वेगळी. माझी नजर उपजत आहे. (चष्मा दुरुस्तीला टाकलाय.)

मंगळवार, १३ डिसेंबर
सकाळी गच्चीवर प्रॅक्टिस. समोरच्या अँटेनावर धिप्पाड काळा शिकारी पक्षी. थरारलो. बायकोला बोलावलं. ती म्हणाली, ते छत्रीचं कापड आहे, दिवाळीपासून अडकलंय. असेल. पण बसायची ढब गरुडाची होती.

शुक्रवार, १६ डिसेंबर
मंडळात जाहीर केलं, फर्दापूरला सगळ्यांना स्वर्गीय नर्तक दाखवणार. पांढराशुभ्र, फीत सोडल्यासारखी लांब शेपटी. जहांआराबाई म्हणाल्या, दिसला तर नशीब. मी म्हणालो, नशीब तुमचं, दाखवणार मी. लई टाळ्या पडल्या. मंडळातल्या शफीकनं एकट्यानंच वाजवल्या, पण जोरात.
संकल्प : ट्रिपमध्ये कमी बोलायचं.

रविवार, १८ डिसेंबर. फर्दापूर, सकाळी
शफीकच्या जीपनं आलो, बायकोही सोबत. फुलंब्रीपर्यंत गप्प बसलो. मग लोकांना करमेना असं वाटलं, म्हणून बोललो. थंडी भयंकर. बायकोनं विणलेले हातमोजे घातलेत. ओढ्याकाठी बसलो. पक्षी नाय. मंडळी जांभया द्यायला लागली. अशा वेळी लीडरनं मूड सांभाळायचा असतो. तेवढ्यात वेलीवर सोनेरी मखमली शेंगांचे घोस दिसले. जंगली घेवडा. सगळ्यांना आठवण म्हणून एकेक दिली. शफीकनं टोपीत खोचली. बायकोनं केसांत माळली आणि लाजली. जहांआराबाई ओढ्यापलीकडं गेल्यात. त्यांच्यासाठी सगळ्यात मोठी ठेवलीय.

तिथंच, जरा वेळानं
शफीक नाचतोय. नाना, ये क्या दिये तुम, असं विचारतोय. बायको माझ्याकडं बघत डोकं खाजवतेय; बघणं जास्त वाईट आहे. जहांआराबाई लांबूनच म्हणाल्या, खाजकुयली आहे ती, टाका आधी. मी सगळ्यांना धीर दिला. म्हणालो, माझ्याकडं बघा, मला काहीच होत नाही, खाज हा मनाचा खेळ आहे. आणि त्याच हातमोज्यानं कपाळाचा घाम पुसला.

दुपारी
अक्षर वाकडं येतंय, नाइलाज आहे. शेजारच्या गोठ्यातली सारजाबाई हसत हसत पाटीभर शेण घेऊन आली. हेच औषध, म्हणाली. सगळ्यांनी थापून घेतलं. मी नाय. लीडर शेणात बरा दिसत नाही. मी हातपंपावर साबण लावून बसलो. पाण्यानं खाज वाढली.
तिकडं मंडळी शेण वाळायची वाट बघत झाडाखाली गप्प बसली. शेणावर माश्या आल्या. आणि माश्या टिपायला स्वर्गीय नर्तक आला. शफीकच्या कानाजवळून घिरट्या घालून गेला म्हणे. बायको म्हणते, जन्मात असं काही बघितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत साबण. मला हाक का मारली नाही, असं विचारलं. जहांआराबाई म्हणाल्या, मारली, पण तुम्ही ओरडत होता.

शनिवार, २४ डिसेंबर
सभा झाली. मी मुद्दा मांडला : नर्तक आला माश्यांमुळं, माश्या शेणामुळं, शेण खाजेमुळं, खाज माझ्यामुळं. म्हणजे दाखवला मीच. लोक डोळे पुसेपर्यंत हसले. सभा इतकी रंगलेली कधी बघितली नव्हती.
लीडर जहांआराबाई. एकमतानं. बायकोचा हात पहिला वर गेला.
मंडळानं एक नवा नियमही केला : ट्रिपमध्ये नानासाहेबांनी दोन्ही हात खिशात ठेवायचे. एखाद्याच्या नावानं नियम होणं ही काय लहान गोष्ट नाही. घरी येताना तसंच चालून बघितलं. फाटकापाशी अडखळलो. हात वेळेवर निघाले नाहीत.