न विचारता ठेवलेला चहा

आई, तू असताना माझं काम तुला कधी नीट सांगता आलं नाही. "कॉम्प्युटरचं करते," एवढंच तू शेजारी सांगायचीस, आणि ते खोटंही नव्हतं. आज मात्र सांगावंसं वाटतंय, कारण मी अडले आहे, आणि अडले आहे ती तुझ्याच एका सवयीपाशी.

कर्नल म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा. तो तयार करताना एक भलामोठा मेनू येतो: हे कार्ड चालवायचं का, ते चालवायचं का, हो की नाही. कार्ड चालवणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर त्या मेनूत कसेही कोंबलेले होते, ते मी कंपनीवार लावले. आधी एकच प्रश्न: या कंपनीचं कार्ड आहे का? नाही म्हटलं की खालचे सगळे प्रश्न दिसतच नाहीत. पण लोकांच्या जुन्या सेटिंगमध्ये हा नवा प्रश्न नसतोच, तिथलं उत्तर आम्हीच आधी भरून ठेवायचं असतं. मी 'हो' भरलं. माझं काम तपासणारा म्हणतो, 'नाही' ठेव, ज्याला हवं तो हो म्हणेल. मला काही ते पटत नाही. वडनेरच्या मामांचा मुलगा जिनिंगच्या वजनकाट्यावर बसतो, तिथल्या जुन्या संगणकात असलंच कार्ड आहे. 'नाही' ठेवलं तर कर्नल नवा केला की कार्ड गुपचूप बंद, पावती निघणार नाही आणि कापसाच्या गाड्या फाटकापर्यंत खोळंबतील. आपल्याला कुणी काही विचारलं होतं, हे त्या बिचाऱ्याला कळणारसुद्धा नाही.

हे लिहिताना मला सेलूचं आपलं स्वयंपाकघर दिसतं. मामा उन्हातून आलेत, तू दळण आणायला गेली आहेस. मी दारातूनच विचारते, "मामा, चहा घेता का?" ते म्हणतात, "नाई वं, राहू दे," आणि थोडं टेकून निघून जातात. तू आलीस ती पिठाचा डबा खाली ठेवायच्या आधीच माझ्यावर उखडलीस. "असं काऊन इचारून राह्यली वं? इचारलं का माणूस नाईच म्हणते. चहा ठेवून देजो. नसन पाह्यजे तं सांगन तो." तुझ्या घरात होकार धरलेलाच असायचा. नको असेल त्यानं तोंड उघडावं.

तर तपासणाऱ्याला उत्तर लिहायच्या जागेत मी हे सगळं लिहीत बसले आहे, आणि आता पुसून टाकणार आहे. त्याला एवढंच लिहीन की 'हो'च राहील, जुनी यंत्रं बंद पडता कामा नयेत. मामांचा विषय काढणार नाही. तुझाही नाही.

एक मात्र तुला सांगायचं राहिलं. मला चहा कधीच आवडला नाही. तू कधी विचारलं नाहीस, आणि कप समोर आला की इतकं बरं वाटायचं की मला नाही म्हणवायचं नाही. आता सगळे आधी विचारतात. मी नाही म्हणते, आणि ते खरंच ठेवत नाहीत.