गोदीच्या शंभरीचं भाषण

४ नोव्हेंबर
मलाच बोलायचंय! गोदीला शंभर वर्षं झाली त्याच्या समारंभात. समितीतले दोघं शाळेत आले, मुख्याध्यापिकेसमोरच म्हणाले — "बाई, गौरवाचं भाषण तुम्हीच करा. गोदीवाल्यांच्या घरच्या सून आहात, शिवाय बोलता छान." दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायची हिंमत झाली नाही. खरंच दुसऱ्या कुणाला विचारलं असतं तर!

घरी सांगितलं तर नवरा म्हणतो, "आम्ही रोज फुकट ऐकतो, आता गावाची पाळी." बाबांना — सासऱ्यांना — मोठ्याने, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. जहाजांचे पत्रे ठोकण्यात जन्म गेला, कान तिथेच ठेवून आले. शेवटी कळलं तेव्हा म्हणाले, "शंभरच? मला वाटलं जास्त झाली असतील."

९ नोव्हेंबर
या गावात गोदीचं नाही असं आहे काय? आमची शाळा गोदीने बांधली. खाडीच्या पलीकडच्या काठावरच्या गावांना दवाखाना दिसला तो इथल्या बोटींमुळे. अर्ध्या गावाची दारं राखाडी — जहाजांचा उरलेला रंग! आमच्या खिडकीचे गजही तिथलेच. बाबा म्हणतात, ते आपोआप चालत घरी आले. भोंगा वाजला की गाव उठतं, भोंगा वाजला की जेवतं.

सगळं लिहिलं. वाचून पाहिलं. सरकारी अहवाल! जीव म्हणून नाही त्यात.

१० नोव्हेंबर
सापडला जीव! जेवताना चिमीने आजोबांकडे तिची लाडकी गोष्ट मागितली. वादळाची. अर्धवट बांधलेलं जहाज, दोर तुटलेले, आता शेजारच्या बोटींचा चुरा करणार — आणि आजोबा कमरेला दोर बांधून शिडीवरून वर!

"मग?"

"मग काय, बांधून टाकलं. झोपलं मुकाट्याने."

दर वेळी वारा थोडा वाढतो. आज तर छपरं उडाली. चिमी टाळ्या पिटत होती. मी हात धुतले नि तशीच लिहायला बसले. बाबांचे ते जाड, वाकडे झालेले हात, त्या हातांतला दोर... लिहिताना माझ्याच डोळ्यांत पाणी.

१६ नोव्हेंबर
समितीसमोर वाचून दाखवलं. वाहवा! नंतर म्हातारे मुकादम, बाबांचे जुने सोबती, मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, झकास लिहिलंय. पण त्या दिवशी वर चढला तो उंट. ताडमाड होता म्हणून उंट म्हणायचो. तुमचे सासरे धक्क्यावर होते. आम्ही सगळेच धक्क्यावर होतो."

"बघते," म्हटलं.

"उंट राहिला नाही आता. पण बायको येणार आहे त्याची."

"बघते."

घरी येऊन तो भाग काढून पाहिला. भाषणातला जीवच गेला! बाबांच्या जागी उंट घालून पाहिला. पण उंटाला मी कुठे पाहिलंय? परत होतं तसं केलं. मुकादमांचं वय झालंय, विसरत असतील — अशी स्वतःची समजूत घातली. बाबांना विचारता आलं असतं. पलीकडच्या खोलीतच होते. नाही विचारलं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

२१ नोव्हेंबर
झाला समारंभ. लिहवत नाही.

२२ नोव्हेंबर
लिहितेच.

मोठ्या शेडमध्ये, नव्या जहाजाच्या पोटाखाली खुर्च्या मांडलेल्या. भाषण रंगलं. भोंग्यावर हसले लोक, राखाडी दारांवर टाळ्या. मग वादळ. पुढच्या रांगेत मोठ्या साहेबांच्या बायकोने रुमाल काढला. मागे जुने कामगार बसले होते — तिथे सगळं गार. कुणी खोकलंसुद्धा नाही. तिथेच थांबायला हवं होतं! पण मी ते वाक्य म्हटलंच — "आणि तो माणूस आज आपल्यात बसला आहे!"

पुढून टाळ्यांचा कडकडाट. मागून एकही नाही. मुकादम उठले, टोपी चढवली, चालू पडले. उंटाची बायको — तीच असणार — मान वर करून नुसती जहाजाकडे बघत होती.

बाबांना हाताला धरून वर आणलं. साहेबांनी त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "काका, भीती नाही वाटली?" बाबा माझ्याकडे बघत राहिले. किती वेळ! मग माइकमध्ये म्हणाले, "घाबरायला वेळ कुठे होता."

माझ्यासाठी! सुनेची चारचौघांत शोभा नको म्हणून खोटं बोलले. या वयात. जन्मभराच्या सोबत्यांसमोर.

२५ नोव्हेंबर
बाबा रोज संध्याकाळी गोदीच्या फाटकासमोर बाकावर बसतात. आज गेले तसे परत आले. "वारा फार आहे." पान हलत नव्हतं बाहेर. नवऱ्याला चहावाल्याने सांगितलं — बाबा बसले आणि बाकीचे एकेक करून उठले.

मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२८ नोव्हेंबर
उंटाच्या बायकोकडे गेले. एक खोली, लख्ख. बस म्हणाली, पाणी दिलं. मी सगळं सांगून टाकलं — मुकादमांनी सावध केलं होतं तेही.

"खाली उतरला तेव्हा मी त्याच्याशी अबोला धरला होता," ती म्हणाली. "घरात दोन कच्चीबच्ची आणि हा वादळात जहाजावर चढतो! कौतुक तुम्हाला सुचतं, बाई. मला राग आला होता."

मला वाटलं, सुटले. तेवढ्यात म्हणाली, "पण होतं ते त्याचं. तुम्ही परस्पर दुसऱ्याला कसं देऊन टाकलंत?"

पेला तसाच खाली ठेवून उठले.

३० नोव्हेंबर
फाटकाजवळच्या फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहून आले. भाषणात मी खोटं सांगितलं. जहाजावर कोण चढलं ते — त्याच्या पूर्ण नावानिशी. आणि खाली — माझ्या सासऱ्यांचा यात काडीचा दोष नाही, माझी अब्रू राखायला ते गप्प राहिले. भोंगा झाला, पाळी सुटली, माणसं वाचत उभी राहिली. मी तिथेच थांबले. पळून जावंसं वाटत होतं, नाही गेले. माझ्याच वर्गातल्या दोन मुलींचे वडील होते त्यांत. मान खाली घालून पुढे गेले — खाली जायला हवी होती माझी, गेली त्यांची!

घरी येऊन बाबांना सांगितलं. ओरडूनच सांगावं लागलं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही ऐकलं असेल. बाबांनी ताट बाजूला सारलं. "माझ्याबद्दल ते कशाला लिहिलंस," एवढंच म्हणाले. किती मोठं मन!

२ डिसेंबर
फळा वाचल्यापासून नवरा घुम्यासारखा होता. आज बोलला. समारंभाच्या आदल्या दिवशी, मी शाळेत असताना, त्याने माझं भाषण बाबांना कानाशी तोंड नेऊन वाचून दाखवलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ऐकून झाल्यावर बाबा म्हणाले — ते वादळाचं तेवढं परत वाच.